मुका मोहोर

शालन कोयंडे मेली ती मासळीवरच्या पावडरीनं, हे शेरवली बंदरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणीच बोलत नव्हतं. बोलून करणार काय? खळ्यावर पसरलेले बांगडे कडक उन्हात वाळले तर ठीक. आभाळ जरा झाकोळलं, हवा दमटली, की दुसऱ्या सकाळी कल्ल्यांमध्ये पांढरी वळवळ दिसायची. मग सगळी रास उचलून टाकायची. तशी पाळी येऊ नये म्हणून बायका एक बिननावाची पावडर पाण्यात कालवायच्या, मासळी त्यात बुचकळायच्या आणि मगच उन्हात घालायच्या. त्या मासळीवर माशी बसली की बसल्या जागी मरून पडायची. शालननं हे काम लहानपणापासून उघड्या हातांनी केलं होतं. एका दुपारी तिच्या तोंडातून लाळ गळायला लागली, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होत होत टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या, आणि तालुक्याच्या दवाखान्याच्या वाटेवरच तिचा श्वास थांबला.

तिची धाकटी बहीण यामिनी तेव्हा कोल्हापूरला शिकत होती. ती पोचली तेव्हा सगळं आटोपलं होतं. आई खळ्याच्या कडेला बसून होती. दोघी बहिणी तिला आये म्हणायच्या. समोर तीच मासळी वाळत होती आणि शेजारची कुंदा मोंडकर ती उलथत होती.

"ह्या फेकून का देऊक नाय?" यामिनी ओरडली.

"फेकून खातलंय काय?" आये तिच्याकडे न बघता म्हणाली. "किडे पडाचे थांबव, मगे पावडर थांबतली."

आये तिडिकेनं बोलून गेली, पण यामिनीनं ते कामच अंगावर घेतलं.

पुढची कित्येक वर्षं तिनं एका जिवामागे घालवली. ही माशी घरमाशीपेक्षा थोराड, पाठीवर निळी-हिरवी चकाकी, डोळे विटकरी लाल. किनाऱ्यावरच्या सुक्या मासळीत सापडणारी जवळजवळ प्रत्येक अळी हिचीच. यामिनी नोकरीला लागली त्या संशोधन संस्थेतले लोक तिला लांबलचक लॅटिन नावानं हाक मारत. ती स्वतः मात्र बंदरातल्या बायकांसारखी 'निळी' म्हणायची.

तिच्या प्रयोगाला सरकारी परवानग्या मिळाल्यावर ती पहिल्यांदा बोलली ती खळ्यावर, आपल्या बायकांपुढे.

"आपण म्हणतांव, किडे पडले. आभाळातसून पडतत काय?"

"मीठ कमी पडला की होतत," एक म्हणाली.

"मीठ कमी, ओल जास्त, तां खरा. पण ते आपसूक होनत नाय. एक माशी येता, ती घालता."

मग तिनं सगळं समजावलं. मेलेल्या मासळीला सुटलेला बारीकसा वास, जो आपल्या नाकाला कळतसुद्धा नाही, तो निळीच्या मादीला लांबून कळतो. ती येते आणि कल्ल्यांत, तोंडात, पोट फाडलेल्या चिरेत, जिथं ओल टिकते तिथं, पांढऱ्या अंड्यांचे पुंजके घालते. एका पुंजक्यात शेकड्यांनी अंडी. उन्हाच्या दिवसांत दुसरी सकाळ उजाडायच्या आत त्यांतून अळ्या निघतात.

"मगे भितीर चुलीकडे कशे येतत?" कुंदानं विचारलं. "थय खय मासळी असता?"

यामिनीला हा प्रश्न फार आवडला. अळीचं पोट भरलं की ती खाणं सोडून निघते, ती म्हणाली. तिला कोष करायला सुकी, काळोखी जागा लागते. उंबऱ्याची फट, चटईखालची जमीन, तांदळाच्या डब्यामागची भिंत. घरात दिसलेली अळी बहुतेकदा घरात जन्मलेली नसते. आसपास काहीतरी कुजतंय, एवढंच तिच्यावरून समजायचं.

आता तिच्या शोधाबद्दल. आईबापांकडचा एखादा जनुक एरवी निम्म्या पिल्लांना मिळतो, निम्म्यांना मिळत नाही. निसर्गाचा हा नाणेफेकीचा नियम. यामिनीच्या प्रयोगशाळेनं निळीत बसवलेला जनुक हा नियमच मोडायचा. तो एका गुणसूत्रावर आला की जोडीचं गुणसूत्र कापून तिथंही स्वतःची नक्कल चिकटवायचा. मग सगळीच पिल्लं त्याची वाहक. नर धडधाकट राहायचे आणि तो जनुक गावभर वाटत फिरायचे. माद्या मात्र वांझ निपजायच्या. माशीची पिढी दोन-तीन आठवड्यांत उलटते, त्यामुळे एका हंगामात बंदर रिकामं होणार होतं.

हे पसरत जाऊ नये म्हणून तिनं एक काळजी घेतली होती. कापणारी कात्री एका गुणसूत्रावर आणि नक्कल होणारा भाग दुसऱ्यावर ठेवला होता. कात्रीची स्वतःची नक्कल होत नव्हती, म्हणून ती पिढीगणिक विरळ होत जाणार आणि काही पिढ्यांत सगळा खेळ आपोआप थांबणार. खाडीपलीकडे काही जाणार नाही, असं तिचं गणित होतं आणि ते तपासणाऱ्या सगळ्यांना पटलं होतं.

"पावडर लागाची नाय?" आयेनं एवढंच विचारलं.

"लागाची नाय."

"मगे सोड."

पुढच्या हंगामात शेरवलीच्या खळ्यांवर एक अळी सापडली नाही. ढगाळ दिवसांतही नाही. आये एकेका बांगड्याचा कल्ला उचकटून येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवत होती. उरलेली पावडर बायकांनी लांब पुळणीच्या वाळूत खोल खड्ड्यात पुरली. त्या दिवशी शालन गेल्यापासून पहिल्यांदाच आये मोठ्यानं हसली. यामिनीला वाटलं, आपण जन्माला येऊन काहीतरी केलं.

बंदराच्या वर, कातळावर, दिगंबर वारंगची हापूसची बाग होती. दिगंबर यामिनीचा नवरा. त्याच्या आजोबांनी कातळात सुरुंग लावून खड्डे केले होते, खालून डोक्यावरून माती वाहून ते भरले होते. दिगंबर फार बोलणारा नव्हता, पण झाडांशी बोलायचा. संस्थेतून सुट्टीवर आलेल्या बायकोला तो आधी बागेत न्यायचा, मग घरात.

त्या जानेवारीत त्यानं सकाळीच तिला बोलावून नेलं. मोहोर असा आला होता की पानं दिसत नव्हती. तो एका झाडाखाली थांबला.

"काय ऐकूक येता?"

यामिनीनं कान दिला. "काय नाय."

"तांच सांगतंय," दिगंबर म्हणाला. "मोहोर फुललो की हय उभ्यान बोलूक सुधरत नाय, इतको आवाज असता. औंदा बाग मुकी झाली."

ती खाली बसली. आंब्याच्या एका तुऱ्यात हजारभर फुलं असतात, त्यांतली थोडीच फळ धरणारी. पराग चिकट, वाऱ्यानं फारसा उडत नाही. मधमाश्यांना ही फुलं तितकीशी आवडत नाहीत. मोहोरावर येतात त्या माश्या, आणि कोकणातल्या मोहोरावर सगळ्यांत जास्त येते ती निळी. पोरं वाढवायला तिला कुजलेलं लागतं, पण स्वतःच्या पोटाला गोड. यामिनीला हे ठाऊक नव्हतं असं नाही. परवानगी देणाऱ्या समितीपुढे हा मुद्दा निघालाही होता, आणि इतर कीटक तिची जागा घेतील असं सगळ्यांनी मान्य केलं होतं. झाडाखाली बसून कुणी मोजलं नव्हतं.

मोहोर काळवंडला आणि गळून गेला. अख्ख्या बागेत दोन-चार पेट्या भरतील एवढाही आंबा धरला नाही.

त्याच वेळी प्रयोगशाळेतून फोन आला. माश्या मोजायला किनाऱ्यावर लावलेल्या सापळ्यांतल्या एका माशीत जनुकाचे दोन्ही तुकडे एकाच गुणसूत्रावर शेजारी शेजारी सापडले होते. कोट्यवधी माश्यांमध्ये कुठेतरी, एकदा, गुणसूत्रांची अदलाबदल चुकली होती आणि कात्री नकलेला जाऊन चिकटली होती. आता ती विरळ होणार नव्हती. मासळीच्या ट्रकांच्या फळ्यांत दडलेले कोष खाडी ओलांडून गेले, मग घाट. वर्षाच्या आत रत्नागिरीपासून कारवारपर्यंतचे सापळे शून्य दाखवू लागले.

रस्त्याकडेला मेलेलं कुत्रं महिनोन् महिने तसंच पडू लागलं, चामड्याच्या पिशवीसारखं. उंदीर माजले. बागायतदारांनी शिड्या लावून बायकांना मऊ कुंचले दिले आणि फुलाफुलाला पराग लावायला सांगितलं. एका झाडाचा एक भाग होईपर्यंत बाकीचा मोहोर सुकून जायचा. यामिनीवर चौकशी बसली. वर्तमानपत्रांत नाव आलं. ती सगळ्यांना उत्तरं देत राहिली. फक्त दिगंबरनं कधी काही विचारलं नाही.

"एकदा काय ता बोल तरी," एके संध्याकाळी ती म्हणाली.

"काय बोलू? तू बयणीसाठी केलंस." तो पडवीत पायांकडे बघत बसला होता. "माका राग येऊक व्हयो होतो. येना नाय. तांचाच वायट वाटता."

दुसऱ्या वर्षीही मोहोर मुका फुलला आणि मुका गेला. तिसऱ्या पावसाळ्यात यामिनीला एक वाट दिसली. समुद्रात आत एक दीपगृहाचा खडक होता. तिथं समुद्रपक्ष्यांची वस्ती, कुजक्या मासळीची ददात नाही, आणि किनाऱ्यावरची माशी तिथवर पोचलेली नाही. तिथल्या निळीत तो जनुक नव्हता. यामिनी होडीनं गेली आणि जाळीच्या पेट्यांत त्या माश्या घेऊन आली.

तिचं मत होतं, अजून दोन पावसाळे थांबावं. किनाऱ्यावर वाहक नर उरला असेल तर नव्या माश्या त्याच्याशी लागतील आणि सगळं पुन्हा तेच. पण पावसाळ्याआधीपासून एकाही सापळ्यात वाहक सापडला नव्हता. आणि दिगंबरकडे लाकूडवाले फेऱ्या मारू लागले होते. राखणीचे गुरखे बाग सोडून गेले होते. आजूबाजूच्या चार बागा तुटल्या होत्या.

"दोन पावसांनी झाडां ऱ्हवतली," दिगंबर म्हणाला. "मी ऱ्हवाचंय नाय."

त्यात धमकी नव्हती. बाजारातून काय आणायचं ते सांगावं तसं त्यानं सांगितलं. यामिनीनं सोडायचं ठरवलं.

त्यासाठी आधी माश्या वाढवायला हव्या होत्या, आणि अळ्यांना मासळीची आतडी-डोकी हवी होती. ती मागायला ती आयेकडे गेली.

आयेनं हातातली मासळी खाली ठेवली. मग म्हणाली, "ज्येच्यापायी शालन गेली, तेका तू जेवक घालतंस?"

"आये, बाग मरता."

"शालन मेली तेवा बाग होती. बागेन काय केल्यान?"

"वाळवणासाठी बंद कपाटां येतली सगळ्यांका. उन्हावर चलणारी. माशी आत शिराचीच नाय. मंजूर झालीत."

"केवा येतली?"

"दिवाळीपर्यंत."

"माशी इली की पावडर येतली," आये म्हणाली आणि उठून आत गेली.

दुसऱ्या सकाळी बागेच्या फाटकाशी दोन टोपल्या ठेवलेल्या होत्या. झाकण काढलं तर आतडी, डोकी, सगळं भरलेलं. त्यानंतर रोज येत राहिल्या. आये कधी दिसली नाही.

बागेमागच्या पिंपांत अळ्यांचा नुसता लगदा हलत असायचा. दिगंबर नाकाला पंचा बांधून त्यात कोंडा मिसळायचा. लग्नानंतर इतके दिवस नवराबायको एका कामाला कधी लागली नव्हती. दिवाळीनंतर पेट्या उघडल्या. निळ्या चकाकीचा लोट झाडांवर गेला आणि दिगंबर मान वर करून बघत राहिला. त्याचे डोळे भरून आले होते.

त्या वर्षी थंडीनं दगा दिला. मोहोर फुटायला थंडी लागते. डिसेंबर संपत आला तरी हवा चिकट, आणि झाडांना मोहोराऐवजी तांबूस पालवी. माश्या वाढत चालल्या होत्या आणि फूल एक नव्हतं. माशीला थोडंच सांगता येतं, थांब म्हणून? ती वासामागे कातळ उतरून बंदरात गेली.

बंद कपाटं आली होती, पण तालुक्याच्या गोदामात पडून होती. कुठल्या तरी साहेबाची सही राहिली होती. यामिनी रोज जाऊन बसायची. तिकडे खळ्यांवर कल्ल्यांमध्ये पांढरं हलायला लागलं. पहिली रास फेकली. दुसरी फेकली. तिसऱ्या वेळी कुणीतरी जाऊन पावडर आणली.

आयेनं स्वतःच्या मासळीला ती लावली नाही. तिची रास किड्यांनी गेली तर तिनं जाऊ दिली. पण शेजारच्या कुंदाला अंगावर पिणारं मूल होतं. कुंदा बादलीत हात घालायला वाकली, तशी आयेनं तिला बाजूला सारलं.

"तू हात घालू नको. पोर पिता तुझा. सर, मी करतंय."

तिनं हातांना प्लास्टिकच्या पिशव्या बांधल्या आणि कुंदाची सगळी मासळी स्वतः बुचकळली. बांगड्यांचे काटे पिशव्यांना भोकं पाडतात. चौथ्या-पाचव्या दिवशी ती खळ्यावरच कोसळली.

या वेळी दवाखाना गाठता आला. श्वास यंत्रावर चालला, औषधं लागू पडली. जीव वाचला, नसा वाचल्या नाहीत. पाय उचलत नव्हते, आणि हात सतत थरथरत. ते आता तसेच राहतील, असं डॉक्टर म्हणाले.

आये यंत्रावर होती त्याच आठवड्यात थंडी पडली. बाग उशिरा, पण भरून फुलली. यामिनीनं दवाखान्याच्या बाकावर बसून सापळ्यांचे आकडे उघडले. माश्या उतरत होत्या. नव्या माद्यांपैकी निम्म्याहून जास्त वांझ. तोच जनुक, दोन्ही तुकडे शेजारी शेजारी. कुठल्या खोपटात, कुठल्या ट्रकच्या फळीत चार नर उरले होते देव जाणे. तेवढे पुरले होते. मोहोर ऐन भरात आला तोवर सापळे पुन्हा शून्यावर आले होते.

दिगंबरचा फोन आला.

"आयेक कसा असा?"

"डोळे उघडल्यान. खुणेन बोलता."

"बरा," तो म्हणाला. "मी रोज सकाळी मोहोराखाली जाऊन उभो ऱ्हवलंय. काय नाय. लाकूडवाल्याक हो म्हटलंय. सोमवारी येतले."

"मी येतंय."

"येव नको," तो म्हणाला. "तू थयच ऱ्हव. तुका ता बघूक होवचा नाय. माकापण होवचा नाय, पण कोणीतरी व्हया थय."

फेब्रुवारी संपत आला तेव्हा आयेला यंत्रावरून काढून मोठ्या वॉर्डात हलवलं होतं. खिडकीकडची खाट मिळाली होती. यामिनी तिला चमच्यानं पेज भरवत होती. उशीशी करुणा नावाची नर्स सलाइन बदलत होती. पलीकडच्या तालुक्यातली, हसऱ्या तोंडाची मुलगी, आयेशी तिची गट्टी जमली होती. आयेनं चमचा मानेनं दूर केला.

"गो, एक इचारू?"

"काय, आये?"

"आंबो धरलो?"

यामिनीनं वाटी खाली ठेवली. आयेचे हात चादरीवर थरथरत होते, जणू अजून काहीतरी उलथत असावेत. तिचे डोळे मात्र स्थिर होते, आणि ते डोळे उत्तर मागत होते. या हातांच्या बदल्यात काही मिळालं का, एवढंच.

"धरलो, आये."

"बरो धरलो?"

"तुऱ्यातुऱ्याक धरलो."

आयेनं मोठा श्वास सोडला. तिच्या कपाळावरच्या आठ्या सैल झाल्या. "मगे बरा झाला. माका वाटला, सगळाच फुकट गेला काय." जरा वेळानं ती करुणाकडे वळली. तिचा आवाज अडखळत होता, पण त्यात ताठा होता. "आयकलंस गो? माझ्या पोरीन माशी परत हाडल्यान. बाग वाचवल्यान."

करुणाचे हात सलाइनच्या नळीवरच थांबले.

"खरंच धरला, ताई? आमच्याकडे दोन वर्षं एक फळ नाही. बाबांनी या आठवड्यात तोडायला माणसं सांगितलीयेत." ती खाटेला वळसा घालून यामिनीजवळ आली. "पुढच्या वर्षी आम्हाला मिळतील का त्या माश्या? थोड्या चालतील. आमची बाग लहान आहे."

यामिनीनं तिच्याकडे पाहिलं, मग आयेकडे. आये हसत होती. तिनंच मान हलवून लेकीला खूण केली, सांग की.

"मिळतील," यामिनी म्हणाली.

"किती लागतात? आम्ही काय तयारी करायची?"

"मी सांगेन."

करुणानं सलाइनचा थेंब नीट लावला, आयेची चादर सारखी केली आणि घाईघाईनं बाहेर गेली. वॉर्डाचं दार अर्धवट उघडं राहिलं. व्हरांड्यात ती फोन लावत होती, आणि तिचा आवाज आनंदानं चढला होता.

"बाबा, ऐका ना. त्या माणसांना परत पाठवा. एक पण झाड तोडू नका. मी काय सांगते ते ऐका आधी..."

यामिनीनं उठायला हवं होतं. दारापर्यंतच तर जायचं होतं. पण आयेनं आपला थरथरता हात तिच्या मनगटावर ठेवला होता, आणि ती तशीच बसून राहिली.